वसंतचं वाक्य

जयवंता : मंग मनोहररावांनी तुम्हाले नाटकातून काढलं?

चंपतराव : काढलं असं नाही. म्हणजे... काढलं का नाही, तेच समजून नाही राहिलं. आज घरी जा, म्हणे, अन् उद्या सांग.

जयवंता : काय सांग?

चंपतराव : स्टेजवर काम करतो, का पुन्हा विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करतो.

जयवंता : माझी बहीण सिंधूताई रामटेकहून खास तुमचं काम पाह्यले येऊन राहिली. तिले काय सांगू मी? पण झालं काय?

चंपतराव : नाटकात मी मुलीचा बाप अन् वसंत डॉक्टर झाला. त्याले मधात थांबायचं असते, विचार केल्यासारखं. तो थांबला का त्याचं वाक्य मीच बोलून टाकतो.

जयवंता : काहून?

चंपतराव : तार ऑफिसात होतो तोवर बावीस नाटकं विंगेत बसून काढली वं. समोरचा थांबला का तोंडातून निघूनच जाते. आज तालमीत चार वेळा झालं. चौथ्या वेळी वसंत खुर्चीवर बसून गेला. म्हणे, काका, माझंही काम तुम्हीच करा. सगळे हासले.

जयवंता : अन् तुम्ही?

चंपतराव : मी पण हासलो. मंग सायकल घेऊन निघालो. सक्करदऱ्याच्या तलावापाशी आलो तवा ध्यानात आलं, सायकलवर बसायचंच राहिलं. पैदलच आलो होतो.

जयवंता : म्हणजे वाईट वाटलं.

चंपतराव : वाटलं का नाही, तेही समजत नाही. रिटायर झालो तवा मीच मनोहररावाले म्हटलं होतं, एक डाव तोंडाले रंग लावू द्या मले. आता वाटते, विंगच बरी. अन् उद्या विंगेत बसवलं तं वाटन, बाहेर काहून नाही? बत्तीस वर्षं लोकायच्या तारा पाठवल्या. तुले काय पायजे, असं कोणी विचारलं का माझं डोकंच चालत नाही.

जयवंता : मी सांगू का, तुम्ही घरातही...

चंपतराव : घरातही चिडचिड करतो. माहीत आहे मले.

जयवंता : ते नव्हती म्हणत मी.

चंपतराव : मंग?

जयवंता : माझंही वाक्य तुम्हीच पुरं करता. लग्न झालं तवापासून. कितीकदा चुकीचं करता, अन् मंग मी तेच धरून चालते.

चंपतराव : कधी केलं असं?

जयवंता : आत्ताच केलं. अन् तुमच्या पुतण्याच्या, श्रीधरच्या लग्नात? पंगतीत वहिनी जिलेबी घेऊन आली. मी म्हटलं, मले... तं तुम्ही म्हटलं, तिले नको, आवडत नाही. तवापासून तुमच्याकडचं कोणीच मले जिलेबी वाढत नाही.

चंपतराव : तुले आवडते?

जयवंता : आवडते.

चंपतराव : श्रीधरच्या लग्नाले अठरा वर्षं झाली वं.

जयवंता : हो. द्या ते नाटकाचं पुस्तक इकडं. डॉक्टरचं मी वाचते.

चंपतराव : तुले जमन?

जयवंता : पोरीच्या पुस्तकावर शिकली नं मी. बोट ठेवून वाचते, हळू. तुम्ही फक्त मधात बोलू नका.

(जयवंता दारातल्या उजेडात पुस्तक धरून बसते.)

जयवंता : "काका... तुमच्या मुलीने... निर्... निर्ण..."

चंपतराव : निर्णय.

जयवंता : पाहा.

चंपतराव : बरं, बरं. नाही बोलत.

जयवंता : "तुमच्या मुलीने... निर्णय घेतला आहे. ती आता... सा... सासरी... परत... जा... जाणार नाही." ...तोंडावर हात काहून ठेवला?

चंपतराव : निघून गेलं असतं.

जयवंता : नाही निघालं. झालं माझं, पुरं झालं.

चंपतराव : मंग आता कोणाचं आहे?

जयवंता : तुमचं. बोला, मी आयकून राहिली.