ह्यूस्टनची थंडी

ह्यूस्टन कसं आहे विचारता? आपल्या शारजासारखंच तापतं. पण मुलाच्या घरात एसी असा, की माझे दात वाजायला लागले. थंडी वाजते म्हणून मी मुलाला सांगणार? गुपचूप दारातल्या त्याच्या गाडीत, काचा लावून बसलो. ऊब मिळाली, डोळा लागला.

काच वाजली. बाहेर पोलीस. म्हाताऱ्याला गाडीत कोंडलंय, असं शेजारणीने कळवलेलं. मुलगा धावत आला, तर पोलीस त्यालाच झापायला लागला.

"बाबा, खरं सांगा! मला धरून नेईल हा."

"थंडी वाजत होती," मी म्हणालो.

मुलाने इंग्रजीत सांगितलं. पोलिसाने गाडीत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

"या भट्टीत?"

मी मुलाला म्हणालो, "सांग त्याला, शारजात आम्ही याला हिवाळा म्हणतो."