साथीदाराची सही

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, परदेशातून खास वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, संस्थेचे कार्यतत्पर सचिव, आजचे सत्कारमूर्ती, त्यांच्या पत्नी, आणि गेली बावीस वर्षं आमचं वादन गोड मानून घेणाऱ्या रसिकहो, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी ओळख फार नेमकी करून दिली. ‘सत्कारमूर्तींच्या ज्येष्ठ साथीदार आणि भगिनी.’ आधी साथीदार, मग बहीण. क्रम बरोबर आहे, कागदोपत्री तसाच आहे. सचिवांनी आत्ताच माझ्यापुढे चिठ्ठी सरकवली आहे, ‘पाच मिनिटं’. सचिवसाहेब, आज थोडं इकडेतिकडे होईल, सांभाळून घ्या. मागे ऐकू येतंय ना? बरं.

येत्या गुरुवारी माझा धाकटा भाऊ बायको आणि मुलीला घेऊन हा देश सोडून चालला आहे. तुम्ही त्याला उस्ताद म्हणा, कलावंत म्हणा, घरात तो बारक्या आहे. हसू नका, चव्वेचाळीस वर्षांचा असला तरी बारक्याच. तिथे त्याला कुणाची नोकरी नाही. स्वतःचं वाद्य वाजवून स्वतःच्या जबाबदारीवर जगणारा कलाकार, म्हणून त्याला परवाना मिळाला आहे. पहिल्या वर्षाचे चाळीस कार्यक्रम प्रमुख पाहुण्यांच्या तिकडच्या सभागृहानं ठरवले आहेत. ते नीट पार पडले तर परवाना वाढेल. नाही पडले, तर सामान बांधून परत. आपल्या ओळखीत असा परवाना आणखी कुणाला मिळाला आहे? मला तरी माहीत नाही. त्याचं कौतुक व्हायलाच हवं. तेच करायला मी उभी आहे.

आमचे वडील व्हायोलिन शिकवत. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत शिकवणी, आतल्या खोलीत आम्ही. एका सकाळी त्यांचा उजवा हात आणि अर्धं तोंड गेलं. मी सोळा वर्षांची, बारक्या नऊचा. दुसऱ्या दिवसापासून शिकवणी मी घ्यायला लागले. सगळ्यात वाईट विद्यार्थी होता हा. गज पलंगाखाली सरकवून ठेवायचा आणि ‘हरवला’ म्हणून रडायचा. मी त्याला मारलंय, खोटं कशाला बोलू? पट्टीनं मारलंय. गजानं कधीच नाही, गजाला इजा झाली असती.

पुढे आम्ही दोघं एकत्र वाजवायला लागलो. तो पुढे बसायचा, मी त्याच्या डाव्या हाताला जराशी मागे. आम्ही त्याला जोडवादन म्हणायचो. जुगलबंदी हा शब्द वडिलांना चालत नसे. ‘भावंडं घरी भांडतात तेवढं पुरे,’ म्हणायचे. याच सभागृहात आम्ही अठरा वेळा वाजवलं आहे. समोरचे काही चेहरे तर पहिल्या कार्यक्रमापासूनचे आहेत. तेव्हा आपल्या डोक्यावर केस होते, आठवतंय?

परदेशी जायचं ठरलं, तेव्हा ‘आम्ही’ जायचं असं ठरलं होतं. तो, त्याची बायको, मुलगी आणि मी. चौघं मिळून सल्लागाराच्या कचेरीत गेलो. काचेचं टेबल, कोपऱ्यात प्लॅस्टिकचं झाड. सल्लागारानं आमची कात्रणं, पत्रकं, फोटो सगळं चाळलं आणि म्हणाला, “एकाच पुराव्यावर दोन अर्ज टिकणार नाहीत. दोन्ही पडतील. मुख्य कलाकार कोण ते ठरवा.”

भावजय पर्सच्या चेनशी खेळत होती. बारक्या माझ्याकडे बघत होता. लहानपणी गज सापडल्यावर बघायचा ना, तसाच.

मी म्हणाले, “हा.”

कुणी मला भाग पाडलं नाही, हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे. त्याच्यामागे बायको आहे, पोरगी आहे. त्या अर्जात कुटुंब म्हणजे जोडीदार आणि अठराच्या आतली मुलं. बहिणीला रकानाच नाही. जिना उतरताना त्यानं माझा हात धरला. “ताई, मी फक्त पुढे जातोय. तू मागनं वेगळा अर्ज कर. वर्षभरात तुला नेतो, बघच तू.”

मग मी एक निवेदन लिहून दिलं. मजकूर सल्लागाराचा, सही माझी. ‘मी गेली बावीस वर्षे सदर कलाकारास त्यांच्या मार्गदर्शनाखाली दुय्यम साथ करीत आहे. कार्यक्रमांची रचना व मुख्य वादन सर्वस्वी त्यांचेच आहे.’ त्यांच्या मार्गदर्शनाखाली! वडील असते तर वाकड्या तोंडानंसुद्धा हसले असते.

त्यानंतर सगळे कामाला लागले. जुनी पत्रकं नव्यानं छापून घेतली, माझं नाव खाली गेलं, बारीक झालं. एका फोटोत माझा नुसता कोपर उरला. अध्यक्षमहोदय, आपण संस्थेच्या वतीनं पत्र दिलंत की ही साथ ‘प्रसंगानुरूप’ असते. अठरा कार्यक्रमांत अठरा प्रसंग आले, हा योगायोगच. पण मी तक्रार करत नाही. ते निवेदन घेऊन मीच तुमच्याकडे पत्र मागायला आले होते. चहासुद्धा पाजलात.

तक्रार नाही, पण पुढचं ऐका. दोन महिन्यांपूर्वी मी सचिवांकडे गेले. म्हटलं, भाऊ चालला, आता पुढच्या हंगामात माझा एकटीचा एक कार्यक्रम ठेवा. सचिवांनी अतिशय नम्रपणे कपाटातून फाइल काढली, माझं निवेदन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “बाई, सही आपलीच ना? साथीदाराला स्वतंत्र कार्यक्रम द्यायची आपल्या संस्थेत पद्धत नाही.”

सचिवसाहेब, मान खाली घालू नका. आपण नियमानं वागलात. केसानं गळा कापला, असंही मी म्हणणार नाही. केस बारीक असतो. हा चांगला जाड, शिक्का मारलेला कागद होता, आणि सुरी मीच धार लावून दिली होती.

तरी मला वाटत होतं, ठीक आहे, इथलं संपलं तर संपलं. वर्षभराचा प्रश्न आहे, मग मीही तिकडे जाईन.

माझी भाची पंधरा वर्षांची आहे. माझ्याकडेच शिकते. बारक्याला कॉम्प्युटरचं काही जमत नाही, त्यामुळे अर्जाचा सगळा पत्रव्यवहार तिनंच केला. गेल्या महिन्यात एका दुपारी शिकवणी चालू असताना तिनं मध्येच गज खाली ठेवला.

“आत्या, तू नाहीच ना येणार?”

“येणार की. तुझा बाबा बोलावेल तेव्हा.”

“पण तुला येताच येणार नाही. बाबांना माहितीये.”

आणि तिनं मला सल्लागाराचं पत्र वाचून दाखवलं. सहीच्या आधी चार दिवस आलेलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की या निवेदनानंतर बहिणीला स्वतंत्र कलाकार म्हणून पुढे कधीही अर्ज करता येणार नाही. केला तर दोघांपैकी एकाचं म्हणणं खोटं ठरेल आणि भावाचाही परवाना जाईल. हे त्यांना सांगून मगच सही घ्यावी. आणि त्याखाली बारक्याचं उत्तर, त्यानं सांगितलेलं, पोरीनं टाइप केलेलं. ‘बहिणीला कल्पना दिली आहे.’

ती खूप रडली. “मी सांगितलं असं बाबांना कळू देऊ नकोस,” म्हणाली. मी तिला शब्द दिला होता. तो मी आत्ता मोडला.

हो, ती उठून चालली आहे. जाऊ द्या तिला, कुणी अडवू नका. वाट द्या जरा. … दार हळू लावलं, पाहिलंत? तेवढं वळण मीच लावलंय.

भावजयबाई, तू बस. माझं अजून संपलेलं नाही.

काल संध्याकाळी बारक्या माझ्या घरी आला. आजच्या वादनाचं विचारायला. “ताई, उद्या साथीला बसशील ना? नेहमीसारखं?” मी भाजी निवडत होते. मी विचारलं, “मला कल्पना कधी दिली होतीस रे?”

त्याला कळलं. मला वाटलं, आता पाया पडेल, रडेल, चुकलो म्हणेल. लहानपणी खोटं उघडं पडलं की लगेच गळ्यात पडायचा. पण माणसं मोठी होतात. तो म्हणाला, “सांगितलं असतं तर तू सही केली नसतीस का?”

मी खरं ते सांगितलं. म्हणाले, “केली असती.”

तर म्हणतो, “मग काय फरक पडला?”

रसिकहो, रात्रभर मी या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. काय फरक पडला? विचारलं असतं तर मी दिलंच असतं. मग न विचारता घेतलं, तर माझं गेलं काय? मला उत्तर सापडलं नाही. म्हणून म्हटलं, आपण चारचौघांतच विचारू.

आता शेवटचं, आणि हे प्रमुख पाहुण्यांसाठी. मघाशी चहा घेताना आपण म्हणालात, “यांचे ते वरचे सूर ऐकले आणि तिथल्या तिथे ठरवलं, या माणसाला आणायचंच.” आपल्यासारखा जाणकार कान मिळणं हे भाग्य आहे. आपण आमची भाषा बोलता, सगळं समजतं आहे आपल्याला, हेही भाग्यच. तर ऐका.

बारक्या अकरा वर्षांचा असताना जिन्यावरून पडला. डाव्या हाताची करंगळी मोडली आणि वाकडी जुळली. ती आजही पुरती टेकत नाही. तेव्हा वडील अंथरुणातून म्हणाले होते, “याला दुसरं काहीतरी शिकव.” मी ऐकलं नाही. त्याला तीन बोटांवर शिकवलं. तीन बोटांत जेवढं होतं तेवढं तो सुंदर वाजवतो, ते त्याचं स्वतःचं आहे, आणि त्याच्याकडून ते कुणी घेऊ नये. पण करंगळीवाचून जे होत नाही, ते सगळं वरचं वाजवणं पहिल्या कार्यक्रमापासून मी केलं आहे. मी मागे बसते, आमचे गज बरोबर चालतात, समोरच्याला कळत नाही सूर कुठल्या वाद्यातून आला. कळू नये म्हणूनच मी तिथे बसायची. ‘आभाळाला भिडणारे सूर’ असं त्याच्याबद्दल छापून यायचं, ती कात्रणं मीच वहीत चिकटवायची. ती सगळी त्याच्या अर्जाला जोडली आहेत.

बावीस वर्षं ही गोष्ट आम्हा दोघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती. भावजयीलाही नाही. तिच्या चेहऱ्यावरून दिसतंयच.

आपण म्हणाल, ही बाई आज हे का बोलली? सूड? असेलही. मी काही संत नाही. महिनाभर पत्र हाताशी असताना मी कुठल्याही कचेरीत गेले नाही, परवान्यावर शिक्का बसेपर्यंत थांबले, एवढंच माझ्या पदरी पुण्य. पण दुसरंही एक कारण आहे. चाळीस कार्यक्रम त्याला एकट्याला करायचे आहेत. मागे कुणी नसताना. ते कुठेतरी सुरू व्हायलाच हवेत ना? परक्यांपुढे होण्यापेक्षा आपल्या माणसांपुढे झालेले बरे.

बारक्या, मान हलवू नकोस. हात जोडू नकोस. लोक बघतायत.

अध्यक्षांचे, सचिवांचे, पाहुण्यांचे आभार. फुलांची सजावट ज्यांनी केली त्यांचे आभार. इतका वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही, त्याबद्दल आपल्या सर्वांचे विशेष आभार. बोलताना कुणाचा अधिक्षेप झाला असेल, वेळ जास्त घेतला असेल, काही उणंदुणं निघालं असेल, तर ते एका दुय्यम कलाकाराचं बोलणं समजून पोटात घाला.

पाहुण्यांनी वडिलांनी बांधलेल्या धुनेची फर्माईश केली आहे. त्यांना तिचा शेवटचा भाग ऐकायचा आहे, वरचा. सत्कारमूर्ती ती आता आपल्यापुढे सादर करतील.

मंचावर दोन खुर्च्या मांडल्या आहेत. मागची काढून घ्या. पहिल्या रांगेत माझ्या भाचीची जागा रिकामी झाली आहे, मी तिथे बसते.

हं, बारक्या. कर सुरू.