ताजं सांगणारे आबा

नोकरी सोडून पुस्तक लिहायला घेतलं म्हणून तुम्ही आता हसताय, पण पहिला धक्का मला भडगावच्या आबांनी दिला. आबा म्हणजे गिरणेच्या वाळूत उभा जन्म टरबुजं पिकवलेला माणूस, ऐंशी पार केलेला. मी जळगावला पेपरात होतो तेव्हा नदीची प्रत्येक बातमी त्यांच्याकडूनच यायची. आज सांगितलं की उद्या सकाळी आबा स्टँडवर पेपर उघडून उभे!

पुस्तकही गिरणेवरच, म्हणून आधी त्यांच्याकडेच गेलो. घर काठावर उंच. चढ चढून धापा टाकत ओट्यावर टेकलो आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. आबांनी टोपी नीट केली, जुन्या पुराचं सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबले.

"सकाय छापी येई ना?"

"नाही आबा, आता पेपर नाही, पुस्तक. दोनेक वर्षं लागतील."

"दोन वरीस?" आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग आते कसाले उना? तव्हय ये, ताजं सांगसू."

आता या वयाच्या माणसाला कसं समजवायचं? मी शब्द जुळवत म्हटलं, "तसं नाही आबा... दोन वर्षांत कुणाचं काय होईल, सांगता येतं का?"

आबांनी माझ्या सुटलेल्या पोटाकडे पाहिलं. माझी धाप अजून थांबली नव्हती.

"मी तं आठेच शे," ओट्यावर हात थोपटत ते म्हणाले. "तू येशी ना?"