समोरच्या दाराने

जमलेल्या मंडळींनो, ताईच्या विद्यार्थ्यांनो, गिरीजच्या आमच्या शेजाऱ्यांनो,

कामधंदा सोडून तुम्ही आलात. मला बोलायला सांगितलंय, पण खरं सांगते, मी दमलेय. रडून नाही, दवाखान्याच्या फेऱ्यांनी. शब्द जुळले नाहीत तर सांभाळून घ्या. मी शैलाताईची धाकटी बहीण, फुलपाड्याला असते. ताईला लहानपणी पोलिओ झाला. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आणि मागे मी, असंच आमचं आयुष्य गेलं.

तुम्हाला ती गणिताच्या शिकवणीमुळे माहीत. पण तिची खरी हौस फिरायची. सुट्टी लागली की हॉटेलांना फोन लावायची. "तुमच्याकडे पायऱ्या आहेत का?" पलीकडून उत्तर यायचं, "नाही मॅडम." आम्ही पोचायचो, तर पायऱ्या असायच्याच. "अहो, या कसल्या पायऱ्या, दोनच तर आहेत!" चालणाऱ्याला दोन म्हणजे काहीच नाही ना?

आणि मग ते वाक्य. जाऊ तिथे तेच वाक्य. "टेन्शन नका घेऊ मॅडम, आपली चार पोरं आहेत, उचलून नेतील."

ताई म्हणायची, "मला उचलू नका." आधी हसून म्हणायची, मग न हसता म्हणायची. लोकांना वाटायचं, बाई तुसडी आहे. एवढी पोरं मदतीला धावली आणि ही नाक मुरडते. अहो, कुणाचा हात कमरेला, कुणाचा काखेत, साडी कुठे चाललीय ते बघायला कुणी नाही. तुम्हाला कुणी असं उचललेलं चालेल? भर दारात, चार लोकांसमोर?

एका हॉटेलात म्हणाले, "उतार आहे ना, मागच्या बाजूला." गेलो मागे. तो गॅसच्या सिलेंडरसाठी केलेला. भटारखान्यातून, कांद्याच्या पोत्यांमधून वाट काढत आम्ही खोलीवर गेलो. ताई म्हणाली, "आपल्या वाडीतला उतारही केळीच्या हातगाडीसाठीच होता गं. बाबांनी माझ्यासाठी केला, असं मी उगाच सांगत फिरायचे." आणि खो खो हसली. दुसऱ्या एका ठिकाणी अपंगांसाठी खास खोली होती. उघडून बघतो तर आत जुन्या गाद्या रचलेल्या. तिथेही ही हसली. मला नाही हसू आलं. मला दरवेळी नुसता थकवा यायचा.

मग माझ्या केतकीचं लग्न झालं, इथल्याच एका रिसॉर्टवर. ताईने मालकांना स्वतः फोन केला होता. ते म्हणाले, "मावशी, उतार करून ठेवतो." त्यांनी केला, खोटं कशाला बोलू. प्लायवूडची फळी टाकली, वर गुळगुळीत लाल कार्पेट. पण उतार उभाच्या उभा. ताईने दोन्ही हातांनी जोर लावला, चाक काही चढेना. तेवढ्यात पोरं धावली आणि खुर्चीसकट उचललीच तिला. वर टाळ्या वाजल्या. टाळ्या! स्टेजजवळ आल्यावर ती माझ्या कानात म्हणाली, "लग्नात मामाने नवरीला उचलायचं असतं गं. मावशीला नाही." बोलली चेष्टेत, पण डोळे भरले होते. केतकीने तो फोटो अल्बममध्ये लावलेला नाही.

तिचं मागणं काय मोठं होतं? समोरच्या दाराने, आपल्या चाकांवर, आपल्या हातांनी आत जायचं. बस्स. कधीतरी एखाद्या हॉटेलात ते जमायचं, मग ही आठवडाभर तेच सांगत बसायची. जेवण कसं होतं, खिडकीतून समुद्र दिसत होता का, ते काही नाही. नुसतं ते दार.

त्या दिवशी चौघांनी तिला आमच्या अंगणातून उचललं. पहिल्यांदाच ती काही बोलली नाही.

आता एकच सांगते आणि थांबते. या हॉलला पायऱ्या आहेत. तुम्ही सगळे चढून आलात. ताईची मैत्रीण फिलोमिनाबाई, त्याही चाकाच्या खुर्चीत असतात, त्या खाली आंब्याच्या सावलीत बसल्यात. मघाशी माझे भाचे धावले, "बाई, आम्ही उचलतो ना." त्या म्हणाल्या, "नको रे बाबा. शैला असती तर मला ओरडली असती."

हा हॉल आम्ही घरच्यांनीच ठरवला. पंखे बघितले, खुर्च्या बघितल्या, गाड्या कुठे लावायच्या ते बघितलं. पायऱ्या कुणीच बघितल्या नाहीत. इतकी वर्षं जाऊ तिथे आम्ही आधी दार बघायचो. ती गेली आणि आमचं बघणंही गेलं. इतक्या लवकर कसं हो गेलं? मघापासून मला याचंच रडू येतंय.

तेव्हा एक विनंती. ताईसाठी शांतता पाळायची आहे, पण इथे नको. आपण सगळे खाली उतरू या. सावकाश उतरा. म्हाताऱ्या माणसांना हात द्या, पण आधी विचारा. फिलोमिनाबाईंच्या भोवती उभे राहू आणि तिथेच दोन मिनिटं गप्प राहू. माइक मी बंद करते. ताईचा फोटो माझ्याकडे द्या, हार असू दे.

चल ताई. समोरच्या दाराने जाऊ.