चौकोनी सळई

…नाही हो, तसं नाही, दार मेव्हण्यानं तोडलंय, मी नाही. म्हणजे तोडायची वेळ माझ्यामुळे आली, पण लाथ त्याची. एवढं स्पष्ट असू द्या मिस्त्री, कारण तुम्ही वर येताना शेजारच्या काकूंनी तुम्हाला जिन्यात गाठलं, ते मी इथून बघितलंय. काय म्हणाल्या? की ह्यांनी बायकोला बाथरूममध्ये कोंडलं? — बघा, तुम्ही हसलात. म्हणजे म्हणाल्याच. कोंडलं नाही हो, अडकली. कोंडायला कसब लागतं, अडकायला माझ्यासारखा नवरा पुरतो. ती पिशवी इथं ठेवा, कोरडं आहे. हे बघा, चौकट इथपासून इथपर्यंत फाटलीय, बिजागरी वरची सुटलीय, आणि लॅच हे असं लोंबतंय. काम मोठं आहे ना? — मान हलवताय, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, कळत नाही. तुम्ही बोलत नाही फारसं. असू दे, सवय असते एकेकाला. पण आज एकदा बोलावं लागेल तुम्हाला, फोनवर, दोन वाक्यं. ते नंतर सांगतो. आधी फळी कापा.

तर झालं काय — तुम्ही काम करा, मी आपलं बोलतो, गप्प बसलो की हे घर खायला उठतं हल्ली — जुनं लॅच कुरकुरायचं. ही म्हणाली, मिस्त्रीला बोलवा. मी म्हटलं, मिस्त्री कशाला? एकतीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात काढली मी, आणि एका लॅचसाठी मिस्त्री? — अहो, थांबलात का? कापा ना. हो, कुलपांचा कारखाना. आता तुम्हाला वाटेल, हा माणूस जाणकार. सगळ्यांना तेच वाटतं. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी अख्ख्या भावकीत सांगितलं, जावई कुलपांतला आहे. मी काय काम करायचो तिथं? — खोकी रवाना करायचो. किती खोकी, कुठल्या गाडीत, कुठल्या गावाला. कुलूप आतून कसं असतं ते मी आयुष्यात पाहिलं नाही. पुठ्ठ्यातलं पाहिलं. पण लोकांनी आपणहून मोठं केलं की माणूस खाली उतरायला तयार नसतो, मीही नव्हतो. ह्याच काकू, जिन्यातल्या — यांच्या कपाटाचं कुलूप लागेनासं झालं, घेऊन आल्या माझ्याकडे. मी भिंगातून पाहिलं, हं हं केलं, म्हटलं ठेवून जा, संध्याकाळी देतो. आणि दुपारी पिशवीत घालून गेलो चौकातल्या किल्लीवाल्याकडे. त्यानं सहा मिनिटांत केलं, एखादं अवघड असलं तर ठेवून घ्यायचा. संध्याकाळी मी काकूंना परत दिलं — बोटाला थोडं काळं तेल लावून. खोटं नाही सांगत, मुद्दाम लावायचो. बावीस वर्षं. अख्ख्या बिल्डिंगची कुलपं. — हे मी तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आपलं विसरून जा. आणि त्या काकूंना तर बिलकुल नको.

बरं, बाकी घरातली दुरुस्ती मी स्वतः करतो, त्यात किल्लीवाला नाही. ते दिसतंच आहे म्हणा. तो नळ बघितलात? बंद करायला उघडावा लागतो. पाहुणे आले की ही दारातच सांगते, हात धुवायचे तर आधी मला विचारा. पंखा दोनवर चालतो आणि चारवर चालतो, तीनवर नुसता विचार करतो. गाडीचं तर विचारूच नका. वायपर मी केला, आता डावीकडे वळायला दिवा लावला की वायपर हलतो. भर उन्हात. मागचे लोक समजतात म्हातारा येडा आहे. उजवीकडं वळलं की काही होत नाही, म्हणून शक्यतो मी उजवीकडूनच जातो. तीन चौक जास्त पडतात. ही शेजारी बसून फक्त काचेकडे बघायची. ते तर जास्त लागतं.

तर लॅच. नवीन आणलं, खोकं उघडलं. दोन मुठी, एक ती जीभ, स्क्रू, आणि एक सळई. चौकोनी, बोटभर लांबीची. आता नीट ऐका, ह्यात मी खरंच चुकलो नाही — चुकलो, पण कारण होतं. आमच्या कारखान्यात खोक्यात माल खडखडू नये म्हणून आधाराला एक पट्टी घालायचे. गिऱ्हाइकानं ती काढून टाकायची. एकतीस वर्षं मी तेच पाहिलं. त्या कारखान्यात मला नक्की माहीत असलेली हीच एक गोष्ट. म्हणून सळई दिसली तशी मी काढली आणि ह्या ड्रॉवरमध्ये टाकली. म्हटलं, पॅकिंग. — हसू नका हो. हसा, हसा, तुमचा हक्क आहे. दोन्ही मुठींना जोडणारी तीच, नाही का? ती नसली की मूठ गोल फिरते आणि जीभ जागची हलत नाही. आता कळतं. तेव्हा मी मूठ फिरवून बघितली, किती हलकी फिरते म्हणून हिला हाक मारून दाखवली. मूठ लोण्यासारखी फिरतेय म्हटलं. ही म्हणाली, बरं. आणि आंघोळीला गेली. दार मागून लागलं — टक्.

पुढचं सांगू नये खरं तर. पण तुम्हाला फोनवर बोलायचंय, तर माहीत असलेलं बरं. हिनं आतून हाक मारली, अहो, उघडत नाहीये. मी बाहेरून फिरवलं. फिरतंय, फिरतंय, फिरतच राहतंय. पाच मिनिटं म्हटलं. मग स्क्रू ड्रायव्हर घातला, सुरी घातली, चमच्याची दांडी घातली, ती वाकली. ती म्हणाली, मिस्त्रीला बोलवा. आता बघा, तुमचा नंबर माझ्याकडे होता. ह्याच वहीत, दोन वर्षांपासून. पण बोलवलं असतं तर तुम्ही आला असतात, माझी चूक काढली असती, आणि जिन्यात काकू उभ्या. कुलपांतला माणूस! मला ते सहन झालं नसतं. म्हणून मी मोठ्यानं बोललो. हॅलो, मिस्त्री? हां, बाथरूमचं दार. अच्छा, बाहेरगावी आहात? कधी येताय? — असं. तिला ऐकू जाईल असं. मग दुसऱ्या मिस्त्रीला केला. त्याच्या घरी लग्नकार्य निघालं. तिसऱ्यावर तर मी रागावलो, म्हटलं माणूस आत अडकलाय आणि तुम्ही जेवताय? — फार छान रागावलो. मलाच खरं वाटलं.

आणि फोन कुठं होता? — नाही, सांगा ना, तुम्हाला काय वाटतं? फोन आत होता, मिस्त्री. काम करताना उजेड पडावा म्हणून बॅटरी लावून मी साबणाच्या फळीवर ठेवला होता. तो तिच्या हातात होता. ती बादली पालथी घालून त्यावर बसली होती, माझा फोन हातात घेऊन, आणि मी इकडं मोकळा हात कानाला लावून मिस्त्रीवर ओरडत होतो. हात का लावला कानाला, बघायला कोण होतं? पण लावला.

मग आतून आवाज आला, अगदी शांत. अहो, त्याला विचारा, तुमचा फोन माझ्याजवळ आहे, मग तो बोलतोय कशावर?

मी दारापाशी खाली बसलो. सव्वा तास झाला होता तोवर. तिनंच भावाला फोन लावला. तो दोन तासांच्या रस्त्यावर राहतो, पण त्या दिवशी कामासाठी इकडंच आला होता, तरी यायला तास लागला. आला, मला बाजूला केलं, एक लाथ. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा — ती ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, तुम्हाला लॅच येत नाही ह्याचं मला काही नाही. आत वीतभर खिडकी आहे. मी दोनदा सांगितलं, मला घाबरल्यासारखं होतंय. दोन्ही वेळेला तुम्ही मिस्त्रीशी बोलत होता. — बस, एवढंच. बॅग भरली, भावाबरोबर गेली. आज नववा दिवस.

फळी बरोबर बसली की! अशी आधी बसवायला हवी होती, नाही? रंधा छान चालतो तुमचा. — तर सकाळी मी तिला फोन केला. म्हटलं, अगं, मिस्त्री येतोय आज. ती म्हणाली, हो का? कोणता, त्या दिवशीचाच का? जेवण झालं का त्याचं? — माझा शब्द चालेनासा झालाय घरात, मिस्त्री. घरात म्हणजे, घरात मी एकटाच, तरी चालत नाही. तिनं साफ सांगितलं, मिस्त्रीनं स्वतःच्या तोंडानं मला सांगायचं, दार झालं म्हणून. आणि आधी तुम्ही — म्हणजे मी — आत जायचं, दार लावायचं. तुम्ही आत असताना तो मला फोन करील, मग पुढचं बघू. म्हणून म्हटलं, दोन वाक्यं. तुमच्यासारखा मोजकं बोलणारा माणूस मिळाला, हे माझं नशीबच! फोनवर मान हलवलेली दिसत नाही, एवढं फक्त लक्षात ठेवा.

झालं? सळई घातलीत? फिरवून बघू — अरे वा. जड फिरते. जड फिरायला पाहिजे होती होय? आणि मी लोणी लोणी करत होतो. बरं, हा फोन घ्या. नंबर लावलाय, वाजतोय. मी जातो आत. हे लावलं दार — टक्. छान बसलं. आता बोला. तिनं उचलला असेल, हॅलो हॅलो म्हणत असेल. बोला ना! — तुम्ही मान हलवताय. मिस्त्री, मला दिसत नाही, पण तुम्ही मान हलवताय, मला माहितीय! अहो, ती ठेवून देईल, म्हणेल परत नाटक! बोलवत नसेल तर रंधा मारा. मारा रंधा, फोनजवळ — हां. हां, असाच. अजून एकदा. हा आवाज मला काढता येत नाही, हे तिला पक्कं माहितीय.

ऐकतेय का ती? ठेवला नाही ना? मग एक करा, फोन खाली फटीशी धरा. अगदी जमिनीला. — अगं, मी आहे. आत आहे, बादलीवर. ऐक. मला कुलपातलं काही येत नाही. कधीच येत नव्हतं. मी खोकी मोजायचो. काकूंचं कपाट, तुझ्या आईची पेटी, तुझ्या बहिणीची सुटकेस — सगळं त्या चौकातल्या किल्लीवाल्यानं केलंय, मी नुसतं बोटाला तेल लावलं. आणि त्या दिवशी तुझा आवाज कापत होता, तो मला ऐकू आला होता. ऐकू आला नाही असं नाही. ऐकू आला आणि मी मिस्त्रीशी बोलत राहिलो, कारण मला काकूंची लाज वाटत होती. तुझ्यापेक्षा काकूंची. इथं बसल्यावर कळतंय, ही खिडकी फारच लहान आहे गं. मला फार वाईट वाटतंय. एवढंच. — उचला फोन, मिस्त्री.

काय म्हणाली? काहीच नाही? — मग विचारा ना! तुम्ही विचारा, आज एकदा बोलाच! … काय? मोठ्यानं सांगा, दार जाड आहे. किल्लीवाल्याचं तिला माहितीय? कधीपासून? — पहिल्या वर्षापासून! तोच भेटायचा तिला बाजारात? साहेबांचं कुलूप झालंय, घेऊन जा म्हणायचा? … आणि ती घेऊन यायची नाही. मला जाऊ द्यायची. बावीस वर्षं.

आणखी काय? … निघाली? आत्ताच्या बसनं? म्हणजे दोन तास. — नाही, उघडतंय की, आतून मस्त उघडतंय, हे बघा टक्, टक्. पण काय म्हणाली ती? परत सांगा. … मी येईपर्यंत आतच बसायचं.

बरं. बसतो. नको नको, तुम्ही थांबू नका, तुमची दुसरी कामं असतील. फोन तिथं टेबलावर ठेवा, आत नको. बाहेरचं दार ओढून — नको, उघडंच असू द्या. तिच्याकडे किल्ली आहे, तरी उघडंच असू द्या. आणि जिन्यात काकू भेटल्या तर सांगा त्यांना, जे आहे ते सगळं सांगा. या आता.