इनॅमलची कड

लेक : नाही. दात तासणार नाही मी.

बाबा : खुर्चीत पेशंट कोण बसलंय, तू की मी?

लेक : पेशंट तुम्ही. डॉक्टर मी.

आई : अहो, आधी तोंड तरी उघडा. सकाळी कपाटाच्या दारावर आपटलात, तेव्हापासून अर्धा दात घेऊन नुसते फुरफुरताय.

बाबा : तू मध्ये पडू नकोस. उभं आयुष्य मी असे मोडके दात चारी बाजूंनी तासले, वर टोपी बसवली. कोणी तक्रार घेऊन आलं? आणि ही मला डिंक लावून वर लेपाचे थर चढवणार!

लेक : टोपीसाठी तुम्ही नेमकं काय तासता, बाबा? वरचं इनॅमल. जे सगळ्यात पक्कं धरतं, त्याचाच आधी भुगा करायचा आणि मग म्हणायचं, चिकटत नाही.

बाबा : इनॅमल मला शिकवू नकोस. ॲसिड लावलं की बारीक खाचा पडतात, पातळ रेझिन त्यांत उतरून घट्ट होतं. मान्य. पण माझा दात आतपर्यंत मोडलाय. मधलं डेंटिन उघडं पडलंय. ते जिवंत, ओलं. तिथे काय करशील?

लेक : ओलसरच ठेवीन.

बाबा : ओल्यावर चिकटतं?

लेक : ओलं नाही, ओलसर. ॲसिडनं वरचं खनिज गेलं की खाली तंतूंची जाळी उरते. हवा मारून ठणठणीत वाळवली, की ती जाळी आडवी होते. मग आत काही शिरतच नाही. तुम्ही एकदा करून पाहिलंत, तेव्हा हवाच मारली होतीत. म्हणून निघालं ते.

बाबा : आणि तुझं काही वर्षांनी सुटलं तर?

लेक : डेंटिनवरची पकड हळूहळू सैल होते, खोटं नाही बोलणार. पण भोवतीनं इनॅमलची कड शाबूत आहे, ती धरून ठेवेल. आणि निघालंच, तर पुन्हा लावीन. तासलेला दात पुन्हा कसा आणायचा, ते सांगा.

आई : आता बोला!

बाबा : काल त्या पोरीसमोरही अशीच उलटून बोललीस. मी म्हटलं, दोन्ही दातांवर टोप्या घाल. तर म्हणे, ‘मी करणार नाही.’ पेशंटदेखत! बाहेर पाटी माझ्या नावाची आहे.

लेक : पाटी तुमची, हात माझे. कॉलेजात जाणारी पोर ती, नुसते टवके उडालेत. मी तिला फोन केलाय. परवा येतेय. तुम्हाला विचारत नाहीये, सांगतेय.

बाबा : मग मी दुसरीकडे जातो. चौकातला तो मुकाट्यानं टोपी बसवेल.

लेक : जा. दार उघडंच आहे.

आई : जाताय?

बाबा : …अगं, ती लाळ ओढायची नळी धरणार असशील तर नीट धर. ओठाला लागतेय.

(बाबांच्या दाताभोवती रबरी पडदा ताणलेला. त्यांचं बोलणं बंद.)

लेक : लाळेचा थेंबही नको, म्हणून हा पडदा. बघ आई, ॲसिडची निळी जेल धुतल्यावर कड खडूसारखी पांढरी झालीय ना? ते इनॅमल. मधलं नुसतं चमकतंय, तेवढीच ओल हवी. आता हे औषध चोळत राहायचं.

आई : किती सावकाश चोळतेस गं. यांना कधी एवढा धीर नव्हता.

बाबा : अं! अंअं!

लेक : हात खाली, बाबा. दुखतंय? नाही ना? मग घरी जाऊन रागवा. आई, डोळे मीट, हे घट्ट करणारा दिवा लावतेय.

आई : खरं सांगू? तुझ्या डिंकाला नाही घाबरले ते. हे टिकलं, तर इतकी वर्षं जे तासलं त्याचं काय, याला घाबरलेत.

लेक : त्या वेळी हे असं चिकटतच नव्हतं, आई. लोकांना हसायला, चावायला दात दिले त्यांनी. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. आजही तेच करायचं म्हणतात, त्याच्याशी आहे… हं, लेपाचा शेवटचा थर. झालं. पडदा काढला, चूळ भरा.

बाबा : आरसा दे. आणि ती टोकदार सळई.

लेक : घ्या. हवं तेवढं टोचा. निघत असेल तर काढून दाखवा.

आई : अहो, हळू!

बाबा : …जोड कुठेय?

लेक : शोधा ना.

बाबा : फार हुरळू नकोस. वर्षभरानं बोलू.

लेक : बोलू. पण त्या मुलीचे दात मी तासणार नाही. तुम्ही किल्ल्या काढून घेतल्यात तरी.

बाबा : उद्या मला यायला जरा उशीर होईल. दवाखाना तू उघड.