खुन्याला पायरी सांगणारी बाई

ताई : आईला कापलं मी.

धाकटा : काय?

ताई : कुठं काय? बस. पाणी घे.

धाकटा : आत्ता म्हणालीस. माझ्या सिनेमातून आईला कापलं म्हणून.

ताई : मी? छे. संकलन करणारं माणूस दिवसभर काही ना काही कापतच असतं. तू आधी येरझारा थांबव, मला गरगरतंय.

धाकटा : सुरुवात लाव.

ताई : ही बघ. काळा पडदा. चित्र नाही, नुसता श्वास. मग जिना, पुढं बाईची पाठ, मागं हातातला हलता कॅमेरा. म्हणजे खुन्याचे डोळे.

धाकटा : श्वास जरा जास्तच आहे.

ताई : तुझाच आहे. कॅमेरा घेऊन तूच चढत होतास. खुन्याला एवढा दम लागलाय की वर जाऊन तो आधी पंख्याखाली बसेल.

धाकटा : थांब! हा कट कसला? मला सलग शॉट हवा होता. तळापासून दारापर्यंत, मध्ये काही नाही. प्रेक्षकाला पापणी मिटायला जागा ठेवायची नाही!

ताई : मग हे घे, न कापलेलं.

पडद्यावरची आई : अरे, पायरी सांभाळ.

धाकटा : हे काय? दुसरा टेक लाव.

पडद्यावरची आई : अरे, पायरी सांभाळ.

धाकटा : तिसरा?

ताई : तिसऱ्यात शेवटी 'बाळा'सुद्धा आहे. नटी आली नाही म्हणून तू आईला पाठमोरी चालवलंस. पाठ झकास केली तिनं. पण मोडकी पायरी आली की वळतेच. जिचा खून व्हायचाय तीच खुन्याला जपतेय. शूटिंगला तुला दिसलं नाही?

धाकटा : कसं दिसणार? मी खाली पायरी बघत होतो.

ताई : का?

धाकटा : ती म्हणाली म्हणून.

ताई : वा.

धाकटा : बरं केलंस कापलंस. संध्याकाळपर्यंत महोत्सवाला पाठवायचाय. पण तिला सांगणार कोण? तिनं अख्ख्या इमारतीला सांगून ठेवलंय, सिनेमात पहिला चेहरा माझाच.

ताई : तू मागं वळ. सांगायची गरज नाही.

(आई दारातून आत येते, पर्स मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसते. कापलेली सुरुवात पुन्हा चालते.)

आई : मी वळले होते.

धाकटा : वळलीस गं. पण मागं कोण आहे हे त्या बाईला माहीतच नाही.

आई : माहीत कसं नाही? तूच होतास.

धाकटा : मी नाही, खुनी!

आई : असेल. पायरी मोडकीच ना? लहानपणी तिथंच तोंडावर आपटलास.

ताई : दोन दात. मीच शोधले होते. ए, एक करून बघू? चेहरा नको. काळ्या पडद्यावर आधी हिचा नुसता आवाज, मग श्वास, मग जिना.

पडद्यावरची आई : अरे, पायरी सांभाळ.

धाकटा : पुन्हा.

पडद्यावरची आई : अरे, पायरी सांभाळ.

धाकटा : काटा आला अंगावर. आई, आवाजात एवढी भीती कुठून आणलीस?

आई : आणायची कशाला? घरचीच आहे.

ताई : मग ठेवू?

धाकटा : ठेव. पण चेहरा नाही हं, आई. इमारतीत काय सांगशील?

आई : ते मी बघते. जन्मभर कचेरीत लोकांचे अर्ज वाचले, आज एक माझा ऐका. तोंडीच आहे.

धाकटा : लवकर कर पण.

आई : प्रति, दिग्दर्शक व संकलक. विषय, जिना. चेहरा कापल्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. मात्र यापुढे मुलगा कुठलाही जिना चढत असेल, तेव्हा अर्जदार त्याच्या एक पायरी पुढे असेल, अशी कायमस्वरूपी व्यवस्था करण्यात यावी, ही नम्र विनंती.